दारातून न जाणारी नदी

११ फेब्रुवारी

दार पुन्हा मोजलं. काल भरलं होतं तेवढंच भरलं. मला काय वाटलं होतं, रात्रीतून रुंद होईल?

घरमालक काल सकाळी येऊन गेले. बसा म्हटलं तर बसले नाहीत, तेव्हाच कळलं. इमारत पाडायची आहे. मार्च संपायच्या आत सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या. "तुमचं काय, एकट्या माणसाचं सामान. एका टेम्पोत मावेल," म्हणाले. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. "हे मात्र..." म्हणाले आणि थांबले.

हे मात्र.

कपाट जाईल. पलंग सुटा होतो. भांडी, पुस्तकं, शिलाई मशीन, सगळं जाईल. नदी जाणार नाही. ह्यांनी ती ह्याच खोलीत केली. प्लायवूडचे तीन तक्ते एकेक करून जिन्यावरून आणले, भिंतीशी उभे केले, सरस लावून, मागून पट्ट्या मारून जोडले. सांध्यांवर पुट्टी घासून असं सपाट केलं, की बोट फिरवलं तरी कळू नये. मग त्यावर रंग. आता ती एकच आहे — ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

जन्मभर लोकांच्या घरांना दारं बसवली ह्या माणसानं!

१२ फेब्रुवारी

मेस्त्रींना निरोप पाठवला. दिवसभर दुसरं काही केलं नाही.

१४ फेब्रुवारी

मेस्त्री आले. ह्यांचे जोडीदार. उभं आयुष्य दोघांनी एकाच गाळ्यात रंधा मारला. हे कमी बोलायचे, मेस्त्री दोघांच्या वाटचं बोलायचे.

खिशातून टेप काढला. दार मोजलं, चित्र मोजलं आणि एकदम हसायलाच लागले. भिंतीला हात टेकून हसले. "वहिनी, अहो लोकांना शिकवायचा हा — आधी दार बघा, मग कपाटाची ऑर्डर द्या. यावरून किती जणांना फाडून खाल्लं असेल ह्यानं. आणि स्वतः?" मीही हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा ह्यांच्या नावानं हसू आलं. मग मेस्त्रींनी रुमाल काढला आणि उगाचच टेप पुसत बसले.

"विसरले असतील का हो?" मी विचारलं.

"दार विसरणारा नव्हता तो."

"मग?"

"मग काय. बाहेर न्यायचीच नसेल."

हे मला बरं वाटलं नाही. न्यायची नव्हती म्हणजे काय? तुम्ही गेलात. मी राहिले. राहणाऱ्या माणसाला कधीतरी घर सोडावं लागतं, हे कसं नाही सुचलं?

मेस्त्रींनी चहा घेतला आणि मग कामाचं बोलले. भिंत फोडायची तर मालक त्यांनाच फोडून काढेल. इथेच सोडायची तर इमारतीबरोबर जाईल. राहिलं एकच — असं म्हणून त्यांनी हवेत करवत चालवली. सांध्यावर कापायची, दोन ठिकाणी. तीन तुकडे जिन्यावरून उतरतील. जिथे जाईल तिथे पुन्हा जोडायची.

"म्हणजे होती तशी होईल?"

"तशी म्हणजे... जवळजवळ. करवतीचं पातं जेवढं जाड, तेवढ्या लाकडाचा भुसा होतो. तेवढी नदी कमी होणार."

"किती?"

त्यांनी चिमटीत दाखवलं. तांदळाचा दाणा उभा धरावा तेवढं.

"एवढंच?"

"एवढंच. पण वहिनी, दोनदा."

१५ फेब्रुवारी

बघायला गेलं तर तिच्यात काही नाही. होडी नाही, झाड नाही, पक्षी नाही. खाली गंजलेल्या लोखंडाचा रंग. त्यावर करडा, मग आणखी एक करडा, मग हिरवट काळसर काहीतरी, ज्याला मला नाव सापडत नाही. आणि ह्या सगळ्यातून गेलेला एक फिकट पट्टा. डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत. बस. जावयांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इकडून तिकडून बघून झाल्यावर विचारलं, "बाबा, नदी कुठे आहे?" हे म्हणाले, "जावईबापू, बघायला आलात की आंघोळीला?"

तो पट्टा ह्यांनी एका दमात ओढला. मी होते. हातभर लांब चपटी लाकडी पट्टी रंगात बुडवली, डाव्या टोकाला जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, "स्टूल उचल. मध्ये येऊ नकोस. बोलू नकोस." मग चालायला लागले. पट्टी प्लायवर टेकवलेली, दम रोखलेला, पाऊल एकापुढे एक. मी स्टूल छातीशी धरून पलंगावर चढून उभी. मला आठवतं, मीही श्वास घेत नव्हते. खोली ती केवढीशी! पण हे चालतच होते, चालतच होते.

उजव्या टोकाला पोचले, श्वास सोडला आणि खोकल्याची उबळ आली. ती पहिलीच. मी पाणी दिलं. खोकता खोकता मागे वळून बघत होते.

"थांबली नाही ना कुठे?"

"नाही."

"हं."

करवत ह्या पट्ट्यातून जाणार. दोनदा.

१८ फेब्रुवारी

लेक आली सामान आवरायला. मोठ्या उत्साहानं आली, सोबत खोके, चिकटपट्टी, जाड पेन. दुपारपर्यंत माझं अर्धं आयुष्य खोक्यांत गेलं आणि त्यांवर तिच्या अक्षरात लिहूनही झालं — किचन, किचन, पुस्तकं, आई.

चित्राचा विषय तिनं जेवणानंतर काढला. "आमच्याकडे लांब भिंत एकच आहे, आई. आणि तिला दोन खिडक्या."

"मग खिडक्यांवरून लाव."

"गंमत करतेस."

करत नव्हते.

मग तिला युक्ती सुचली. फोटो काढू, छापून घेऊ, हवा तेवढा छोटा, तुझ्या पलंगाच्या डोक्याशी. फोटो काढायला ती मागे मागे गेली, दारातून बाहेर, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली, तरी मोबाइलमध्ये मावेना. शेवटी तुकड्या-तुकड्यात काढून मोबाइलनंच जोडून दिली. "हे बघ. सगळी आली."

तळहातावर एक मळकी चिंधी.

"ही नाही," मी म्हटलं.

"हीच आहे, आई."

"ही नाही."

"चित्र आहे ते. बाबा नाहीत."

"माहीत आहे मला."

माहीत आहेच. रोज धूळ मी पुसते, मला माहीत नसेल तर कुणाला? तिनं खोके दाराशी लावले आणि निघाली. निघता निघता चित्राला हात लावला. अगदी कडेला, रंग संपतो तिथे. मी स्वयंपाकघरात होते असं तिला वाटलं.

२१ फेब्रुवारी

पुस्तक परत करायला वाचनालयात गेले आणि ग्रंथपाल बाईंना सगळं सांगून बसले. सांगायचं ठरवून गेले नव्हते. त्यांना माझ्याबद्दल थोडं माहीत आहे. चौथीत शाळा सुटलेली बाई त्यांच्या समोर बसून वाचायला शिकली, आधी मासिकांतली चित्रं, मग चित्रांखालच्या ओळी, मग कथा, मग जाडी पुस्तकं. अडलेला शब्द मी कागदावर उतरवून त्यांच्या टेबलावर सरकवायचे. त्या अर्थ सांगायच्या, मान वर न करता. कधी हसल्या नाहीत. ते मी विसरणार नाही.

बाई म्हणाल्या, मी येऊन बघते. संध्याकाळी आल्याही.

आत आल्या, कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. मान डावीकडून उजवीकडे नेली, परत आणली. मग म्हणाल्या, "एका नजरेत येतच नाही हो ही."

"नाही येत."

"कुठली नदी?"

मी सांगितलं जे मला ठाऊक आहे ते. हे कामावर होते, नदीकाठी कुणाच्या तरी नव्या घराला खिडक्या बसवत होते, वरच्या मजल्यावर. सकाळचं धुकं. एक रिकामी चौकट भिंतीत बसवली, ओळंबा धरला आणि सहज बाहेर बघितलं, तर चौकटीत नुसतं पाणी. वर पाणी, खाली पाणी, काठ कुठेच नाही. घरी येऊन जेवताना एवढंच म्हणाले, "आज चौकट कमी पडली." मी म्हटलं, "मापात चूक झाली का?" म्हणाले, "नाही गं. माप बरोबर होतं."

त्यानंतर कित्येक वर्षांनी, काम सुटल्यावर, प्लायवूड आणलं. नदी कुठली ते मी विचारलं नव्हतं. बाईंनी विचारलं तेव्हा लक्षात आलं, की विचारायचं राहून गेलं.

बाई म्हणाल्या, नवा वाचनाचा हॉल तयार झाला आहे, त्याची समोरची भिंत रिकामीच आहे. उंच भिंत. "द्याल का आम्हाला? तिथे लोकांना लांब उभं राहून बघता येईल."

देईन म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२६ फेब्रुवारी

चित्रं कशी बघायची यावरचं एक पुस्तक बाईंनी दिलं. जड आहे, पण वाचते आहे. त्यात लिहिलंय, की चित्रातली जागा किती मोठी ते बघणाऱ्याला कळावं म्हणून चित्रकार ओळखीचं काहीतरी ठेवतो. एखादा माणूस, गाय, होडी. ते नसेल तर डोळ्याला माप सापडत नाही.

ह्यांनी काही ठेवलं नाही. म्हणूनच कधी ती समुद्र वाटते आणि कधी फरशीवर सांडलेलं पाणी. माझ्या मनावर असतं. शेवटच्या दिवसांत ह्यांचा पलंग तिच्याकडे तोंड करून ठेवला होता. मी उशाशी बसायचे, माझंही तोंड तिकडेच. औषधानं गुंगी यायची, मध्येच डोळे उघडायचे, बघायचे आणि म्हणायचे, "काठ दिसेना अजून." तक्रार नव्हती. नुसतं सांगत होते, गाडी आली नाही अजून असं सांगावं तसं.

मी म्हणायचे, "झोपा आता."

दुसरं काय म्हणणार होते?

२ मार्च

हो म्हटलं. मेस्त्रींना सांगितलं, कापा. बाईंना सांगितलं, घ्या. लेकीला सांगितलं, येते तुझ्याकडे. तिघांनाही आनंद झाला. एका दिवसात तीन माणसांना आनंद देऊन घरी आले आणि पलंगावर बसून राहिले.

पाडणाऱ्यांच्या हातात देण्यापेक्षा बरं. हेच मनाला सांगते आहे.

६ मार्च

कापली.

मेस्त्री सकाळीच आले. मला म्हणाले, वहिनी, तुम्ही खाली जाऊन बसा. मग स्वतःच म्हणाले, पण धरायला माणूस लागेल. मी म्हटलं, माणूस आहे.

भिंतीवरून सोडवून पुढे घेतली, तेव्हा पहिल्यांदा तिची पाठ बघितली. मागून नुसतं लाकूड. पेन्सिलीच्या खुणा, बाण, आकडे, सरसाचे ओघळ. पुढे एवढं पाणी आणि मागे हे. मेस्त्रींनी पट्ट्या सोडवल्या, सांध्याची रेघ पुढच्या बाजूला आखून घेतली. नदीवर पेन्सिलीची सरळ उभी रेघ. ती बघवेना. करवत लागल्यावर बघवलं, कारण मग काम होतं.

मी दोन्ही हातांनी तक्ता दाबून धरला. करवतीची थरथर तळव्यांतून खांद्यापर्यंत येत होती. वरून सुरू केलं. आधी काळसर भुसा पडला, मग करडा. मेस्त्री फिकट पट्ट्याशी आले आणि हात थांबला.

"इथे आलो," म्हणाले.

"चालू द्या. थांबू नका."

एकदम पांढरा भुसा माझ्या पायावर पडला. मग पुन्हा करडा, मग गंजाचा तांबूस. तक्ता सुटला, तसा माझा तोल गेला.

दुसरा काप दुपारी. त्यात काही लिहिण्यासारखं नाही. तेच.

संध्याकाळी आलेल्या चार हमालांनी तीन तुकडे खाली नेले. दारातून अगदी सहज गेले. जिन्याच्या वळणावर मधला तुकडा एकदा टेकला, एवढंच. भुसा मी सुपलीत गोळा केला. टाकला नाही. मग टाकला. ठेवून काय करणार होते त्याचं?

७ मार्च

खोली मोठी झाली. भांडं ठेवलं तरी आवाज घुमतो. एवढी मोठी खोली होती आमच्याकडे? इतकी वर्षं आम्ही एकमेकांना धक्के मारत राहिलो इथे.

१६ मार्च

लेकीकडे आले. खोली छान आहे, उजेड आहे. नात शाळेतून आली की माझ्या पलंगावर दप्तर टाकते. जावई म्हणाले, "आता हे तुमचंच घर." चांगले आहेत. "तुमचंच घर" हे आपल्या घरात कुणी म्हणत नाही, हे त्यांना कुठून कळणार?

२३ मार्च

आज हॉल उघडला. लेक, जावई, नात, मेस्त्री, सगळे गेलो.

आधी त्यांचं दार बघून राग आला. त्या दारातून आमची नदी काय, आमची अख्खी खोली आत गेली असती.

आत गेले. इकडे तिकडे बघितलं. ग्रंथपाल बाई पुढे आल्या, हात धरला. मी विचारलं, "कुठे लावलीये?"

"अहो, ही काय. समोरच."

समोर उंचच उंच पांढरी भिंत. तिच्या मधोमध, मोठ्या पाकिटावर तिकीट चिकटवावं तशी, ती.

एवढीशी.

मेस्त्रींनी काम चोख केलं आहे. सांधे दिसत नाहीत. पट्टा दोन ठिकाणी किंचित दचकतो, पण ते मला माहीत म्हणून दिसतं. त्याचं काही नाही. पण मला तिचा वरचा काठ दिसत होता, खालचा दिसत होता, डावं टोक, उजवं टोक. सगळं एकदम. मान हलवावी लागली नाही. मी पुढे जायला निघाले, तर भिंतीशी लांब टेबलं मांडलेली, लोक वाचत बसलेले. जवळ जायला वाटच नाही.

माझ्या शेजारी एक गृहस्थ होते. म्हणाले, "छान. बघून शांत वाटतं."

शांत!

मेस्त्री हळूच जवळ आले. "लहान वाटते, नाही का?"

"हो."

"हॉल मोठा आहे वहिनी."

"हो."

मग ते चपला बघत उभे राहिले, मीही त्यांच्याच चपला बघत उभी राहिले.

ह्यांनी तिला असं कधीच पाहिलं नाही. पलंगाच्या पलीकडे हे तिच्यापासून कधी गेलेच नाहीत. ह्यांच्यासाठी ती शेवटपर्यंत तेवढीच होती. लहान दिसली ती मला. मीच ती बाहेर काढली, मीच तक्ता धरला आणि मलाच दिसली.

२४ मार्च

लेक म्हणाली, "किती छान झालं ना सगळं." हो म्हटलं.

३० मार्च

लेक समजूत घालायला बसली होती. माझं जेवण कमी झालंय म्हणे. म्हणाली, "जवळून सगळंच मोठं वाटतं, आई. थोडे दिवस जाऊ दे. लांबून बघशील तेव्हा हे दुःखही लहान होईल."

ती चांगल्या मनानं बोलली. पण मला हॉलमधली ती भिंत दिसली आणि मी ताटावरून उठले.

मला नको आहे ते लहान व्हायला. हे कुणाला सांगू?

११ एप्रिल

आज काहीतरी झालं, ते लिहून ठेवते.

नातीचा शाळेचा गणवेश उसवला होता, तो शिवला. मग भाजी आणायला गेले. मग एक गोष्टीचं पुस्तक वाचलं, बरं होतं, एका जागी हसले. संध्याकाळी दिवे लावताना लक्षात आलं, की आज दिवसभरात ह्यांची आठवण आलीच नाही. एकदाही नाही.

मग बसले आणि आठवायला लागले. आले. पण कसे आले? उभे, समोर, डोक्यापासून पायांपर्यंत, सदरा-पँट, हातात टेप. पूर्ण. फोटोतल्यासारखे. पूर्वी असे पूर्ण कधी दिसायचे नाहीत. पूर्वी नुसता कान दिसायचा, त्यामागे खोचलेली पेन्सिल. मानेवर भुसा. अंगठ्याचं काळं पडलेलं नख. पलंगावर वळताना पाठीचा एक तुकडा. त्यातून सगळे हे.

आता लांबून दिसतात. सगळे एकदम. मान हलवावी लागत नाही.

१९ एप्रिल

वाचनालयात गेले. बाईंना म्हटलं, चित्र परत द्या.

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा म्हटलं.

"काही चुकलं का आमचं?"

"तुमचं काही नाही. चित्र लहान झालं."

बाई हुशार आहेत, हसल्या नाहीत. पाणी मागवलं. म्हणाल्या, "तुम्ही दिलंत, आम्ही समितीत नोंद केली, आता एकटी मी कशी काढू? आणि काढलं तरी ठेवाल कुठे?"

ठेवीन कुठे? ती खोली आता नाही. परवा त्या रस्त्यानं बस गेली तेव्हा बघितलं. आमच्या मजल्याच्या जागी आभाळ होतं.

पाणी प्यायले आणि परत आले.

२० एप्रिल

बाईंनी लेकीला फोन केला असावा. संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतलं. मला वाटलं समजूत घालेल. भांडलीच.

"सारखं ते चित्र, ते चित्र. बाबा तुझेच होते का?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"म्हणायला कशाला लागतं? मी आले की तू सांगायचीस, बाबा दमलेत, बाबा झोपलेत, बाबांना आता काम आहे. मला बाबा लांबूनच मिळाले, आई. मध्ये तू उभी असायचीस."

खोटं असतं तर बोलले असते.

मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची पाठ थेट ह्यांच्यासारखी आहे, मधोमध खोलगट. इतक्या वर्षांत मला कसं कळलं नाही? नात दाराशी येऊन म्हणाली, "आजी, आईला ओरडलीस का?" लेकच म्हणाली, "नाही गं. मी ओरडले तिला."

२७ एप्रिल

काही नाही. बरं चाललंय.

१० मे

वाचनालयातून फोन. टाकी गळून हॉलच्या त्या भिंतीत ओल उतरली, चित्र तातडीनं उतरवावं लागलं. दुसऱ्या भिंतीवर समितीनं पडदा लावला आहे, भाषणांसाठी. म्हणून सध्या मागच्या बाजूला, जुन्या अंकांची कपाटं आहेत त्या बोळात टांगलं आहे. बाई पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या. "अडगळीत टाकल्यासारखं वाटेल हो तुम्हाला. मलाच लाज वाटते आहे. तिथे मागे सरून बघायलाही जागा नाही."

ठीक आहे म्हटलं. फोन ठेवला आणि मग आतून तुटल्यासारखं झालं. हॉलमध्ये निदान लोक बघत तरी होते.

१२ मे

गेले होते. बोळ एवढा अरुंद, की अंग चोरून आत शिरावं लागलं. मान वर केली. किती वेळ गेला कोण जाणे.

एक बाई हातात मासिकांचा गठ्ठा घेऊन आल्या. बराच वेळ थांबल्या असाव्यात. शेवटी म्हणाल्या, "आजी, जरा सरकता का?"

"कुठे सरकू?" मी म्हटलं. "मागे कपाट आहे. पुढे पाणी."